करमाडचं वेगळं हवामान

किस्से वकिलांकडे असतात, डॉक्टरांकडे असतात, पण हवामान सांगणाऱ्यांकडे असतात तेवढे कुणाकडेच नसतात. कारण साधं आहे. बाकीच्यांच्या चुका चार भिंतींत झाकल्या जातात. आमची चूक सगळ्या गावाच्या डोक्यावर पडते, आणि मग गाव आम्हाला फोन करतं.

आम्ही म्हणजे तिघं. संभाजीनगरातल्या एका लोकल केबल चॅनलवर दर रविवारी संध्याकाळी सात वाजता ‘आठवड्याचं आभाळ’ लागायचं. मी निवेदिका. कॅमेऱ्यामागे रफिकभाई. आणि अंदाज सांगायला साळवे सर, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. सर वेधशाळेचं पत्रक वाचायचे, उपग्रहाची चित्रं बघायचे, पण गच्चीवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी ढग बघितल्याशिवाय खुर्चीत बसायचे नाहीत. आता कार्यक्रम बंद झालाय. आम्ही कधीतरी चहाला भेटतो, जुनं उकरून काढतो, पोट धरून हसतो. आणि हसता हसता कुणीतरी करमाडचं नाव काढतं, की चहा गार होतो.

*

पहिल्याच भागात सरांनी सिरस ढगांपासून सुरुवात केली. पिंजलेल्या कापसासारखे, फार उंच, बर्फाच्या कणांचे. मग मधल्या उंचीवरचे, खवल्यांसारखे. मग खालचे, गादी अंथरल्यासारखे. वेळ संपत आली तरी सर अजून आभाळातून खाली उतरले नव्हते.

आमचे मालक काचेपलीकडून हातवारे करत होते. शेवटी ब्रेकमध्ये आत आले आणि म्हणाले, “सर, ढगाचं खानदान राहू द्या. पाऊस पडणार का नाही, तेवढं सांगा.”

सर म्हणाले, “शक्यता आहे.”

मालक म्हणाले, “शक्यता तर माझी आई पण सांगती, गुडघे दुखायला लागले की. तिला मी मानधन देत नाही.”

*

रफिकभाईंचं काम ढगांचं शूटिंग करायचं. दर रविवारी गच्चीवर कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर सरांच्या मागे ताजं आभाळ दाखवायचं. एका रविवारी आभाळ ठार मोकळं. ढगाचा एक ठिपका नाही. रफिकभाईंनी डोकं चालवलं आणि आदल्या वर्षीचे ढग लावून टाकले. मस्त काळेभोर, भरलेले.

कार्यक्रम संपायच्या आत सिडकोतून एका काकांचा फोन. “मॅडम, तुमच्या ढगाखाली जो मोबाईल टॉवर दिसतोय ना, तो आमच्या गल्लीतला आहे. मागच्या दिवाळीला आम्हीच मोर्चा काढून पाडायला लावला. परत कधी उभा केला?”

सर रफिकभाईंवर असे चिडले की बोलूच नका. रफिकभाई आपले शांत. “सर, मैं क्या बोलतूं, बादल तो बादलच है ना. लोगां टॉवर कायकू देख रै?”

त्यानंतर सरांनी नियम केला. आभाळ कोरं असलं तर कोरंच दाखवायचं. “जे नाही ते आहे म्हणून दाखवणं आपल्यात बसत नाही,” ते म्हणाले. सर असे होते. खोटं बोलायची वेळ आली तर गप्प बसायचे, आणि गप्प बसले की आम्हाला कळायचं.

*

उन्हाळ्यात आमच्याकडे फोनांची रांग लागायची. लोकांना वाटायचं, पाऊस आमच्याच गच्चीवरून सुटतो. स्लॅब टाकणारे कॉन्ट्रॅक्टर, लग्नाचे यजमान, शेंद्र्याच्या कंपनीतला एक सुपरवायझर, ज्याची माणसं पाऊस आला की सेकंड शिफ्टला दांडी मारायची. या सगळ्यांत एक कुलकर्णी काकू होत्या. त्या कुरडया करायच्या, घरोघर द्यायच्या. सरांना विचारल्याशिवाय गहू भिजत घालायच्या नाहीत.

सरांनी “चार दिवस कडक ऊन” असं सांगितलं आणि तसं झालं, तर पुढच्या रविवारी स्टुडिओत तळलेल्या कुरडयांचा डबा यायचा. एकदा सर चुकले. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी अवकाळी आला. त्या रविवारीही डबा आलाच. आम्ही आनंदानं उघडला तर आत भिजून गोळा झालेल्या कुरडया. सरांनी तो गोळा बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “यांनी निदान डबा तरी पाठवला.”

ते असं का म्हणाले ते मला माहीत होतं. पुढचा किस्सा त्याचाच, आणि तो सांगताना हसू येतं की नाही ते तुम्ही ठरवा.

*

करमाडला सरांचे थोरले भाऊ, दादा. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी शाळा सोडली, शेत धरलं आणि धाकट्याला शिकवलं. “आमचा वसंता परफेसर हाय,” हे ते एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. वसंता टीव्हीवर यायला लागल्यावर तर विचारूच नका.

दादांच्या एकुलत्या एक मुलीचं, सुजाताचं, लग्न ठरलं. करमाडलाच, शाळेच्या मैदानावर, भर एप्रिलमध्ये. मांडववाल्यानं विचारलं, “वरून ताडपत्री टाकू का नुसतं कापड?” दादांनी तिथूनच भावाला फोन लावला. सरांनी कार्यक्रमात सांगितलं होतं तेच सांगितलं, तुरळक ठिकाणी हलक्या सरी. दादा म्हणाले, “ते टीव्हीचं झालं. आपल्याकडं काय?” सर म्हणाले, “आपल्याकडं काही नाही, दादा.”

दादा सगळ्या भावकीसमोर मांडववाल्याला म्हणाले, “कापडच टाक. आमचा वसंता म्हणला पाऊस नाय, म्हणजे नाय.”

लग्नाला मी आणि रफिकभाईही होतो. रफिकभाईंकडे व्हिडिओ शूटिंग होतं. सकाळी आभाळात पांढरे छोटे छोटे पुंजके, अगदी निरुपद्रवी. दुपारी बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली तोवर ते पुंजके फुलकोबीसारखे वर चढत गेले होते. सर मांडवाच्या कडेला उभे राहून वर बघत होते. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं, की आता काहीतरी होणार आणि ते यांना कुणापेक्षाही आधी समजलंय. सांगून उपयोग नव्हता. कुठं जाणार होती तेवढी माणसं?

आधी वारा आला, मग गारा. कापडात पाणी साचलं, कापड फाटलं आणि सगळं नवरा-नवरीच्या अंगावर आलं. नवरीची पांढरी साडी, नवऱ्याचे पांढरे कपडे, आणि खाली करमाडची काळी माती. बायका पोरं कडेवर घेऊन शाळेच्या व्हरांड्याकडे पळाल्या. बुंदीच्या घमेल्यात गारा पडत होत्या. सुजाताला मात्र हसू फुटलं होतं. चिखलानं भरलेल्या साडीत ती काकाला म्हणाली, “काका, माझं लग्न कुणी विसरणार नाही आता.”

दादा हसले नाहीत. पाऊस थांबल्यावर मांडवाचं फाटकं कापड गोळा करता करता भावाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “वसंता, इथून पुढं तुला जे सांगायचं ते टीव्हीत सांगत जा. मला नको सांगू.”

*

दुसरा कुणी असता तर पाया पडला असता, भांडला असता, चार नातेवाईक मध्ये घातले असते. सरांनी दादांचं म्हणणं अक्षरशः पाळलं. फोन केला नाही, करमाडला गेले नाहीत. पण पुढच्या रविवारी शहराचा अंदाज संपल्यावर चष्मा नीट करून म्हणाले, “करमाड परिसरात मंगळवारनंतर आकाश निरभ्र राहील. कडबा बाहेर काढायला हरकत नाही.”

मालक उडालेच. “करमाडला आपली केबलच जात नाही!”

“मोबाईलवर जाते,” सर म्हणाले. आम्ही भाग मोबाईलवर टाकायचो, ते त्यांनी हेरलेलं होतं.

तेव्हापासून एकही रविवार असा गेला नाही की करमाडचं हवामान वेगळं सांगितलं नाही. पैठण नाही, सिल्लोड नाही, फक्त करमाड. आणि ते हळूहळू वाढत गेलं. “करमाड परिसरात पहाटे गारठा राहील. वयस्कर माणसांनी मोटार चालू करायला पहाटे विहिरीवर जाऊ नये.” “करमाड परिसरात ढगाळ हवामान. उजव्या गुडघ्याचं दुखणं असणाऱ्यांनी तेल लावून शेक घ्यावा.”

रफिकभाई कॅमेऱ्यामागून तोंडावर रुमाल धरायचे. “सर, पूरे करमाड में एकच घुटना है क्या?”

मला हसायला यायचं आणि रागही यायचा. शहरापासून करमाड ते केवढं! दोघांपैकी एकानं बस धरली असती तर अर्ध्या-पाऊण तासाचा प्रश्न होता. पण एकानं सांगू नको म्हटलेलं आणि दुसऱ्यानं ऐकलेलं. वर्षं अशी गेली. आज त्याचीच हळहळ वाटते.

*

मध्येच भलतंच काहीतरी झालं. एक दिवस स्टुडिओसमोर पांढरी गाडी थांबली. करमाडकडचे एक पुढारी उतरले, मागे चार कार्यकर्ते. सरांसमोर हात जोडून बसले.

“सर, स्पष्टच विचारतो. जिल्हा परिषदेला उभं राहायचंय का?”

सरांना काही कळेना. पुढारी म्हणाले, “दर रविवारी फक्त आमच्या करमाडची काळजी करता. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यापर्यंत आलात. एवढा घरोघर प्रचार आम्ही वीस वर्षांत नाय केला. राहणार असाल तर आधी सांगा, आपण काहीतरी ॲडजेस्ट करू.”

सर म्हणाले, “मला तिथं एकच मत पाहिजे.”

पुढारी कार्यकर्त्यांकडे बघून म्हणाले, “बघा, कसा मुरलेला माणूस आहे. अंदाज लागू देत नाही.”

*

ढगांच्या प्रकारांवर एक खास भाग करायचं सरांचं फार दिवसांचं स्वप्न होतं. सिल्लोडच्या एका व्यापाऱ्यानं कौतुकानं कापसाचं बोचकं पाठवलं. रफिकभाईंनी निळ्या पडद्यावर दोऱ्यांनी ढग टांगले. वर पिंजलेले सिरस, खाली गुबगुबीत क्युम्युलस, आणि एका कोपऱ्यात भला मोठा गडगडाटी ढग, खालून शाई फासलेला.

कार्यक्रम लाईव्ह. उकाडा मरणाचा. मालकांना सरांची दया आली आणि त्यांनी पंखा लावला. सिरस आधी उडाले. क्युम्युलस माझ्या केसांत अडकले. गडगडाटी ढग सुटला तो थेट सरांच्या मांडीवर येऊन बसला.

सरांनी तो उचलला, शाईनं काळे झालेले हात बघितले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “हा ढग ओळखायला शिका. सकाळी साधा दिसतो. मी एकदा ओळखला नव्हता.”

मी पुढची ओळ विसरले. रफिकभाईंनी कॅमेरा खिडकीकडे फिरवला, बाहेर काही नव्हतं तरी.

*

शेवटी मी आणि रफिकभाई सरांना न सांगता करमाडला गेलो. निमित्त केलं ढगांच्या शूटिंगचं. दादा ओट्यावर बसले होते. आमची ओळख पटली, चहा झाला, कपाशी झाली, शेंद्र्याच्या कंपन्यांनी जमिनींचे भाव कुठं नेले ते झालं. सरांचं नाव ना त्यांनी काढलं ना आम्ही. मी मनातून खचले. उगाच आलो असं वाटायला लागलं.

आम्ही निघालो. गाडीत बसलो. तेव्हा दादा काठी टेकत काचेपाशी आले.

“त्या तुमच्या साहेबाला सांगा,” ते म्हणाले, “उजवा नाय, डावा. डावा गुडघा दुखतोय माझा.”

पुढच्या रविवारी सर म्हणाले, “मागील काही भागांत एक चूक झाली होती. करमाड परिसरात डावा गुडघा असं वाचावं.” आणि वहीत तोंड खुपसून बसले. मला वाटलं, आता जमलं. पण जमलं नाही. दादा मोबाईलवर ऐकत राहिले, सर टीव्हीत सांगत राहिले.

*

मग मालकांनी कार्यक्रम बंद केला. त्यांचंही खरं होतं. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, प्रत्येक मोबाईलवर हवामान, कोण रविवारपर्यंत थांबणार? शेवटच्या भागाला केक आणला होता. सरांनी खाल्ला नाही. मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, “सगळं बंद करा, पण करमाडचं एक मिनिट ठेवता येईल का?” मालकांना ती गंमत वाटली. ते हसले आणि सरही हसले.

त्यानंतरचे रविवार सरांना कसे गेले असतील ते मी बघितलेलं नाही. सात वाजता ते तयार होऊन बसतात, असं त्यांच्या मिसेस सांगायच्या. त्या वर्षी श्रावणात पावसानं मोठी दडी मारली. कपाशी सुकायला लागली. अशाच एका रविवारी सातनंतर सरांचा फोन वाजला.

“वसंता, माझा मोबाईल बिघडला का रं? तुझं ते लागंना.”

“कार्यक्रम बंद झाला, दादा.”

मग दादा म्हणाले, “मंग आता मला कोण सांगणार?”

“मी सांगतो ना.”

“सांग मंग.”

सरांनी त्या दिवशीचे नकाशे बघितलेले होते. बंगालच्या उपसागराकडून काहीतरी हलत होतं. ते म्हणाले, “बुधवारी पाऊस येईल.”

*

दादा आता नाहीत. त्याच वर्षीच्या थंडीत गेले. दोघं बोलायला लागले तेव्हा बोलायला फार दिवस राहिलेच नव्हते, आणि याचं सरांना जे वाईट वाटतं ते त्यांच्याशी बोलताना आपल्यालाही वाटायला लागतं. मधली सगळी वर्षं गुडघ्यावरच गेली, असं ते म्हणतात. पण हा किस्सा त्याआधीचा, त्याच आठवड्यातला.

बुधवारी आम्ही आभाळाकडे बघून बघून मान मोडून घेतली. वर नुसते विरळ पांढरे ओरखडे. दुपारी उपग्रहाच्या चित्रात दिसलं, तो पावसाचा पट्टा खालून लातूरकडे सरकून गेला होता. शहरात टिपूस नाही. सरांनी मला फोन केला, आवाज बसलेला. “दुसऱ्यांदा झालं,” म्हणाले. “एकदा सांगितलं पडणार नाही तर पडला. आता सांगितलं पडणार तर नाही. मी त्यांना कोणत्या तोंडानं विचारू?” मी म्हटलं, “विचारा तर खरं.”

त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, “पडला की! लई पडला. उद्या ये बघायला.”

गुरुवारी सकाळी रफिकभाईंच्या गाडीत आम्ही तिघं निघालो. सर पुढे बसले होते. चिकलठाणा गेलं, शेंद्रा गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीनं माना टाकलेल्या. ट्रक गेला की धुळीनं काच पांढरी व्हायची आणि रफिकभाई वायपर मारायचे. करमाडच्या फाट्याला वळलो तर तिथंही तेच. वाटेवर घोट्याएवढा फुफाटा. शेजाऱ्याच्या अंगणात कोंबड्या कोरडी माती उकरत होत्या.

आणि दादांचं अंगण चिखलानं भरलेलं. नुसतं ओलं नाही, पाय रुतेल असा चिखल. दारातल्या लिंबाच्या खालच्या पानांतून पाणी टपटप गळत होतं. गोठ्याची एक भिंत भिजलेली, दुसरी कोरडी ठणठणीत. गोठ्यामागे मोटारीचा काळा पाईप घाईघाईनं गुंडाळून ठेवलेला. सरांच्या वहिनी पदर तोंडाला लावून दारात उभ्या. दादा मधोमध, धोतर गुडघ्यापर्यंत चिंब.

“जय भीम, दादा,” सर म्हणाले.

“जय भीम. बघ,” दादा म्हणाले, “तू म्हणला तसाच पडला का नाय?”

सरांनी वर आभाळाकडे बघितलं. मग लिंबाकडे. मग गोठ्याकडे. रफिकभाई माझ्याकडे बघायला लागले, मी रफिकभाईंकडे. सरांनी वाकून बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि अनवाणी चिखलात उतरले. दादांपाशी पोचेपर्यंत त्यांचा एक पाय घोट्यापर्यंत रुतला. दादांनी हात पुढे केला.

सर म्हणाले, “जरा जास्तच पडला, दादा.”

दादा म्हणाले, “व्हय. पहाटेपर्यंत चालू व्हता.”